ऑर्व्हल टीगचं दुसरं खोगीर

ऑर्व्हल टीगला स्वतःच्या मालकीचं पहिलं जनावर मिळालं तेव्हा तो त्रेसष्ट वर्षांचा होता आणि त्याचा उजवा गुडघा कामातून गेलेला होता.

हे ऐकून कुणाला वाटेल, हा गृहस्थ जन्मभर दुकानात बसून खिळे विकत असेल. तसं नव्हतं. ऑर्व्हल बाविसाव्या वर्षी हेरिकांच्या रँचवर घोड्यावर बसला, तो चाळीस वर्षांनीच खाली उतरला, असं एल्को गावात गमतीनं म्हणत. पण नेवाडातल्या रँचवर रिवाजच असा, की घोडे मालकाचे आणि खोगीर गड्याचं. नवा गडी आला की मुकादम त्याला सहा-सात घोडे नेमून देतो. गडी त्यांना शिकवतो, दाणापाणी बघतो, त्यांच्यावर बसून हजार गुरं डोंगरात नेतो आणि परत आणतो. काम सुटलं की घोडे तिथेच राहतात. माणूस आपलं खोगीर खांद्यावर टाकतो आणि चालता होतो.

ऑर्व्हलचं खोगीर मात्र सगळ्यांच्या नजरेत भरण्यासारखं होतं. एकोणीसशे त्रेपन्न साली, पहिल्या वर्षाची सगळी कमाई ओतून त्यानं ते घेतलं. अरुंद, उंच कमानीचं, पुढे दोर अडकवायला मुठीत मावेल एवढं शिंग, कडेनं जंगली गुलाबाची नक्षी. त्या काळी रँचवर उंच, सडपातळ, धारदार पाठीचे घोडे असत; त्यांच्यासाठीच ते बांधलेलं. चाळीस वर्षांत त्याचं कातडं ऑर्व्हलच्या मांड्यांनी घासून काळं कुळकुळीत झालं होतं. डोंगरातल्या तळावर तो त्यालाच डोकं टेकून झोपायचा. बायको नव्हती, घर नव्हतं. एकदा लग्न ठरता ठरता राहिलं. लोरीन नावाची ती मुलगी पुढे एका रेल्वेवाल्याशी लग्न करून सॉल्ट लेकला गेली. तिची आठवण ऑर्व्हलला येत नसे असं नाही. पण खरी हुरहुर लावणारी आठवण दुसरीच होती, आणि ती बाईची नव्हती.

ती होती डीकनची.

अठ्ठावन्न साली मुकादम वेड पर्सेलनं ऑर्व्हलच्या वाट्याला एक तीन वर्षांचं शिंगरू दिलं. कुमैत रंगाचं, लालसर तपकिरी, आयाळ काळी, चेहरा लांबट आणि असा गंभीर, की रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणाऱ्या कारभाऱ्याचाच. म्हणून नाव डीकन. अंगानं मात्र तो बाकीच्यांसारखा सडपातळ नव्हता. त्याची आई कुठल्याशा नांगराच्या घोडीची नात होती. रुंद छाती, गोल पाठ. बाकीचे गडी हसायचे, "टीग, तुला घोडा दिलाय की सोफा?"

ऑर्व्हलनं त्याला हातावर वाढवला म्हटलं तरी चालेल. शीळ घातली की डीकन अर्ध्या मैलावरून यायचा. वासरू कळपातून कुठल्या बाजूनं निसटणार हे ऑर्व्हलच्या आधी त्याला कळायचं. हिमवादळात एकदा ऑर्व्हलला वाट दिसेना, तेव्हा त्यानं लगाम सोडून दिला आणि डीकननं त्याला तळाच्या दारात आणून उभं केलं. ऑर्व्हल फार बोलका माणूस नव्हता. जे काही बोलायचा ते बहुतेक त्या घोड्याशीच.

चौथ्या वर्षी डीकनच्या खांद्यांच्या मागे, दोन्ही बाजूंना, डॉलरच्या नाण्याएवढे पांढरे केस आले. कुणी लक्ष दिलं नाही. रँचवरच्या निम्म्या घोड्यांना तसले पांढरे डाग असत. कामाच्या घोड्याची ती खूणच मानली जाई. जखम नव्हती, सूज नव्हती. ऑर्व्हलला तर ते शोभून दिसतात असंच वाटायचं.

पाचव्या वर्षी खोगीर दिसलं की डीकन कान मागे पाडू लागला. मग पोटाखालचा तंग आवळताना चावायला बघू लागला. सहाव्या वर्षी त्यानं ऑर्व्हलला दोनदा फेकलं. दुसऱ्या वेळी ऑर्व्हलच्या तीन बरगड्या गेल्या.

"घोडा बिघडला," वेड पर्सेल म्हणाला. "असे बिघडतात काही. शरदातल्या बाजाराला लावतो."

ऑर्व्हल टोपी हातात घेऊन त्याच्या दारात उभा राहिला. "मी घेतो विकत त्याला."

"आणि बांधशील कुठे? माझ्या कुरणात? खायला काय घालशील, तुझे जुने मोजे?" पर्सेल वाईट माणूस नव्हता, त्यानं आवाज खाली आणला. "हे बघ ऑर्व्हल, तो तुला मारून टाकेल. जाऊ दे."

ऑर्व्हलनं ऐकलं. ट्रकच्या फळीवरून डीकन दुसऱ्या कुणाच्या हातानं चढेना, तेव्हा त्यालाच बोलावलं. तो पुढे चालला आणि डीकन मुकाट्यानं त्याच्या मागे चढला. ट्रक कुठे गेला ते ऑर्व्हलनं विचारलं नाही. तसे ट्रक कत्तलखान्याकडेच जातात हे सगळ्यांनाच माहीत असायचं.

त्यानंतर तीस वर्षं ऑर्व्हलनं एकाही घोड्याचं नाव ठेवलं नाही. 'तो करडा', 'तो काळा', 'ती मोठ्या पायाची', बस. कामात कुचराई केली नाही, पण गप्पाही मारल्या नाहीत.

*

गुडघा गेल्यावर रँचची आताची मालकीण क्लॉडिया हेरिक स्वतः त्याच्याकडे आली. म्हाताऱ्या हेरिकची ही नात. ऑर्व्हलनंच तिला घोड्यावर बसायला शिकवलं होतं. "नदीकाठचं छोटं घर रिकामंच आहे, ऑर्व्हल. तुम्ही तिथे राहा. मागचं कुरणही तुमचंच समजा. आणि त्यात एक घोडी सोडलीय, तीही."

"कुणाची?"

"तुमची म्हटलं ना. कागद करून आणलाय."

ऑर्व्हलनं कागद वाचला, पुन्हा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि बराच वेळ नदीकडे बघत राहिला. क्लॉडिया शहाणी; तिनं आभारांची वाट पाहिली नाही, गाडीत बसून निघून गेली.

घोडी सात वर्षांची होती. समंद, म्हणजे वाळल्या गवताच्या रंगाची, पाठीवरून एक गर्द रेघ गेलेली. ठेंगणी, रुंद, पाठ अशी सपाट की त्यावर जेवणाचं ताट ठेवावं. तीन आठवडे ऑर्व्हल तिला 'ती समंद' म्हणत राहिला. एका सकाळी दाण्याची बादली घेऊन गेला तर ती फाटकावर मान टाकून त्याचीच वाट बघत होती. त्याच्या तोंडून आपसूक निघालं, "आलो, आलो, मेबल. जरा दम धर." आणि मग तो तिथेच थबकला, कुणी ऐकलं तर नाही ना असं इकडेतिकडे बघत.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यानं तिच्यावर आपलं जुनं खोगीर घातलं. गुडघा कुरकुरला, पण वर बसल्यावर सगळं अंग ओळखीच्या जागी गेलं. रोज सकाळी थोडा थोडा फेरफटका वाढवू लागला. मनात एकच होतं, शरद यायच्या आत वरच्या तळावर जायचं. रूबी डोंगरातलं ते कुरण, जिथे त्यानं एकोणीस उन्हाळे काढले होते. चार वर्षांत तो तिथे गेला नव्हता. झोपण्याआधी डोळे मिटले की तिथलं ओढ्याचं पाणी ऐकू यायचं.

पाचव्या की सहाव्या आठवड्यात, तो खोगीर उचलून जवळ गेला आणि मेबलनं कान मागे पाडले.

 त्यानं खोगीर खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उचललं. ती बाजूला सरकली, आणि तंग आवळताना मान वळवून तिनं दात दाखवले. चावली नाही. पण ती नजर त्यानं आधी पाहिली होती.

त्यानं खोगीर घरात नेऊन ठेवलं आणि महिनाभर तिच्यावर बसलाच नाही.

*

एल्कोत ऑर्व्हलचा एकच जिवलग होता, फर्मिन इतुरिया. बास्क मुलखातून पोरवयात मेंढ्यांमागे आलेला, आता एका जुन्या हॉटेलात स्वयंपाकी. लांबलचक टेबलावर सगळ्यांना एकत्र जेवायला वाढायचं, लाल वाइनच्या बाटल्या मध्ये ठेवायच्या आणि कुणी कमी खाल्लं तर शिव्या द्यायच्या, हे त्याचं काम. दर गुरुवारी ऑर्व्हल तिथे मेंढीच्या मटणाचा रस्सा खायला जाई.

त्या गुरुवारी त्यानं ताट तसंच ठेवलं.

"काय रे म्हाताऱ्या," फर्मिन त्याच्यासमोर बाक ओढून बसला. "रश्शात माशी पडली का?"

"रस्सा चांगला आहे."

"मग तोंड असं का, मयताला आल्यासारखं? घोडी पळून गेली?"

"घोडी बिघडतेय." ऑर्व्हलनं चमचा खाली ठेवला. "माझ्या हातातच काहीतरी आहे, फर्मिन. मी जीव लावला की जनावर नासतं. दुसऱ्यांदा होतंय हे."

फर्मिननं त्याला सगळं बोलू दिलं. तसा तो कधी कुणाला बोलू देत नसे. मग विचारलं, "घास खाते?"

"खाते."

"तू ब्रश करतोस तेव्हा?"

"डोळे मिटून उभी राहते."

"म्हणजे तुझा तिला कंटाळा नाही. आश्चर्यच आहे, पण नाही." फर्मिननं पाव तोडून त्याच्या ताटात टाकला. "माझी बायको ग्रासियाना लग्न होऊन आली तेव्हा माझ्या आईनं तिला आपले बूट दिले. आमच्या मुलखातले चांगल्यातले चांगले बूट. ग्रासियाना आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मला वाटलं, बाई तापट निघाली. बूट पायाला घट्ट होते, दुसरं काही नाही. तू दुसरं खोगीर बघ."

"माझं खोगीर या मुलखातलं सगळ्यात चांगलं खोगीर आहे."

"आईचे बूट पण होते. खा आता."

*

ऑर्व्हल आधी गेला हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानात. तिथे ओळीनं पन्नास खोगिरं टांगलेली. विक्रेता तरतरीत, दात पांढरेशुभ्र. त्यानं चांदीची फुलं जडवलेलं, मऊ गादीचं एक खोगीर पुढे केलं. "हे घ्या सर. हे सगळ्या घोड्यांना बसतं."

"सगळ्या माणसांना बसणारा बूट आहे तुमच्याकडे?" ऑर्व्हलनं विचारलं.

विक्रेत्याला विनोद कळला नाही. "बूट मागच्या बाजूला आहेत, सर."

ऑर्व्हल परत फिरला. मग फर्मिननंच कुणाकडून तरी पत्ता काढला. गावाबाहेर, वेल्डिंगवाल्याच्या शेजारी नेड्रा स्टोल नावाची बाई खोगिरं बांधते, दुरुस्त करते, जुनी विकतेही. बाप तेच करायचा. ऑर्व्हल टीग घोडीसाठी खोगीर बघायला येणार, हे फर्मिननं तिला आधीच कळवलं होतं. ऑर्व्हल गेला तेव्हा ती तोंडात मेणाचा दोरा धरून पाय ठेवायच्या रिकिबीचं कातडं शिवत होती. पन्नाशीची, मनगटं लोहारासारखी.

"खोगीर हवंय," ऑर्व्हल म्हणाला.

"घोडा कुठेय?"

"घरी."

"मग तुम्हीही घरी जा, मिस्टर टीग, आणि तिला घेऊन या. जे आता घालताय तेही आणा." आणि ती पुन्हा शिवायला लागली.

ऑर्व्हलला राग आला आणि बाई आवडलीही. शनिवारी क्लॉडियाकडून घोडे वाहून न्यायची गाडी मागून घेतली आणि तो मेबलला घेऊन आला.

नेड्रानं आधी खोगिराकडे पाहिलंच नाही. मेबलच्या मानेवर हात ठेवून थोडा वेळ नुसती उभी राहिली. मग तळहातानं पाठ चाचपत मागे गेली आणि परत आली. खांद्याच्या पात्यामागे अंगठा दाबला तशी मेबलची कातडी थरथरली आणि ती पाठ खाली घालून अंग चोरायला लागली. दुसऱ्या बाजूला दाबलं. तेच.

"हं," नेड्रा म्हणाली. "आता तुमचं द्या. खाली घोंगडी नको, तसंच ठेवा."

ऑर्व्हलनं खोगीर उघड्या पाठीवर ठेवलं. नेड्रानं त्याला वाकायला सांगितलं. "इथून बघा. मधून काय दिसतं?"

"उजेड."

"बरोबर. खोगिराच्या आत लाकडाचा सांगाडा असतो हे तुम्हाला मी काय सांगणार. त्याच्या दोन लांब पट्ट्या कण्याच्या दोन्ही बाजूंना पाठीवर पसरून बसायला हव्यात, सगळीकडे सारख्या. तुमच्या पट्ट्या मधे टेकतच नाहीत. तुमचं सगळं वजन पुढे दोन ठिकाणी आणि मागे दोन ठिकाणी जातं. आणि पुढे बघा, हात घाला आत."

त्यानं पुढच्या कमानीखाली, खांद्याशी हात घातला. बोटं चिरडली.

"तिनं पाऊल पुढे टाकलं की खांदा मागे येतो," नेड्रा म्हणाली. "तो प्रत्येक पावलाला इथे आदळतो. खोगीर सुंदर आहे, मिस्टर टीग. असं काम आता कुणी करत नाही. पण ते अरुंद घोड्याचं आहे. ही बाई रुंद आहे."

ऑर्व्हलनं हात बाहेर काढला.

"अजून केस पांढरे झालेले नाहीत, वेळेवर आलात. वर्षभर असंच चाललं असतं तर दोन्ही बाजूंना पांढरे डाग पडले असते. आतून दाबलं गेलं की जखम न होताही केस पांढरे उगवतात. पाहिले असतील तुम्ही."

"पाहिलेत." ऑर्व्हलचा आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. "एक घोडा होता. कुमैत. असाच रुंद. याच खोगिराखाली सहा वर्षं."

नेड्रानं मान वर केली.

"चौथ्या वर्षी पांढरं आलं," तो म्हणाला. "पाचव्या वर्षी चावायला लागला. सहाव्या वर्षी मला फेकलं. सगळे म्हणाले, बिघडला. मीही तेच म्हणालो." त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. "दुखलं तर घोडा असं करतो?"

"दुखतंय हे सांगायला त्याच्याकडे दुसरं काय असतं?" नेड्रा हळू म्हणाली. "कान पाडतो. कुणी ऐकत नाही. चावतो. कुणी ऐकत नाही. मग फेकतो."

ऑर्व्हलनं मेबलच्या पाठीवरचं खोगीर उचललं, जमिनीवर ठेवलं आणि दुकानाच्या मागे चालत गेला. तिथे वेल्डिंगवाल्याचे गंजके पत्रे पडले होते. त्या पत्र्यांसमोर तो उभा राहिला. सहा वर्षं. रोज सकाळी त्या शहाण्या जनावरानं शीळ ऐकून धावत यायचं आणि रोज ऑर्व्हलनं ते खोगीर त्याच्या पाठीवर लादायचं. वादळातून त्याला तळाच्या दारापर्यंत आणलं तेव्हाही पाठ दुखत असणार. ट्रकच्या फळीवर चढतानाही. आणि तरी तो मागे चालत आला होता. तीस वर्षं ऑर्व्हल मनातल्या मनात त्याला विचारत होता, का रे असा फिरलास? तो फिरला नव्हताच.

बऱ्याच वेळानं तो परत आला तेव्हा नेड्रा मेबलला पाणी पाजत होती.

"मी जातो," ऑर्व्हल म्हणाला. "खोगीर नको. तिला अशीच ठेवतो, कुरणात. माझ्यासारख्यानं आता कुणाच्या पाठीवर बसू नये."

"तुमची मर्जी." नेड्रानं बादली खाली ठेवली. "माझे वडील पन्नास वर्षं खोगिरं बांधत होते. शेवटच्या दहा वर्षांत त्यांना कळलं, की पहिली चाळीस वर्षं ते माणसाचं माप घेत होते, घोड्याचं नाही. ते काही काम सोडून बसले नाहीत. तुम्हाला आज कळलंय. ज्यांना कळलेलंच नाही ते सगळे बसतायत, आणि तुम्ही तेवढे खाली?"

मेबल ऑर्व्हलच्या खांद्याला ओलं तोंड पुसत होती. तो तिथेच उभा राहिला.

"दाखवा तर," शेवटी तो म्हणाला.

*

पहिलं खोगीर जास्तच रुंद निघालं. पुढे खाली घसरून मानेच्या मुळाशी कण्यावरच बसलं; नेड्रानं कमानीखाली बोटं घालून दाखवलं, एकही धड जाईना. "इथे उभी दोन-तीन बोटं मोकळी राहायला हवीत, माणूस वर बसल्यावरसुद्धा." दुसरं पुढून ठीक, पण मागे टोकं वर उचललेली, ढकललं की झोपाळ्यासारखं डुलायचं. तिसरं मेबलला झकास बसलं. ऑर्व्हल वर चढला आणि अडकला. बैठक इतकी आखूड, की पोट पुढच्या उंचवट्याला टेकलं.

"उतरा," नेड्रा हसली. "इथे तुमची चार बोटं मावायला हवीत. तुम्हीही फर्मिनकडे कमी जेवत जा."

"त्याच्याकडे कमी जेवणाऱ्याला तो मारतो."

त्या दिवशी जमलं नाही. नेड्रानं एक जाड, वाकेल अशी तार मेबलच्या पाठीवर तीन जागी दाबून तिचा आकार घेतला, पुठ्ठ्यावर रेघा मारल्या आणि पुठ्ठा कापून ठेवला. "बाहेरगावी लिहिते. घाई करू नका."

ऑर्व्हलनं तीन आठवडे वाट पाहिली. ऑगस्ट संपला. सकाळी तो मेबलला नुसत्या दाव्यानं धरून नदीकाठानं चालायचा, एक लंगडत आणि एक सावकाश. वर डोंगराच्या माथ्यावर एका सकाळी बर्फाचा पहिला पांढुरका हात फिरलेला दिसला. तो थांबून बघत राहिला. वरच्या तळाच्या वाटेचं एकेक वळण त्याला पाठ होतं. पण पाठ असणं आणि जाणं यात फार अंतर होतं.

मग नेड्राचा फोन आला.

ते खोगीर साधं होतं. नक्षी नाही, चांदी नाही, शिंगाभोवती दोऱ्या घासून पडलेले चरे. ओरेगॉनकडच्या एका रँचवालीनं पंधरा वर्षं वापरलेलं. नेड्रानं ते उघड्या पाठीवर ठेवलं आणि हात मागे घेतले. ते आपलं आपण जागेवर जाऊन बसलं. मधून उजेड नाही. खांद्याशी हात सरळ आत गेला. मेबलनं एक कान मागे फिरवला, काय चाललंय ते ऐकलं आणि पुन्हा पुढे केला.

नेड्रानं रिकिबी वर घेतल्या, थोड्या आतल्या बाजूला वळवून बांधल्या, म्हणजे गुडघ्याला पीळ पडू नये. ऑर्व्हल चढला. बैठक परकी होती. त्याच्या अंगाला चाळीस वर्षं एकाच बैठकीची सवय होती, ते आता दुसऱ्याच कुणाच्या जागेवर बसलं होतं.

"कसं वाटतं?"

"कुणाच्या तरी घरी पाहुणा आल्यासारखं."

"बसाल तसं घरचं होईल. आता तासभर चालवून आणा. घाम आल्याशिवाय मी विकत नाही."

तो नदीच्या रस्त्यानं गेला. पहिला मैल मेबल जपून चालली, जणू अजून ते दुखणं कुठून येतंय याची वाट बघत होती. मग हळूहळू तिची मान खाली आली, पावलं लांब पडू लागली. ती इतकी लांब चालू शकते हे ऑर्व्हलला माहीतच नव्हतं. वळणावर तिनं आपणहून दुडकी चाल धरली. त्यानं लगाम सैल सोडला. वारा तोंडावर आला, आणि त्याचे डोळे वाहू लागले. वाऱ्यानं, असं त्यानं नंतर फर्मिनला सांगितलं.

परत आल्यावर नेड्रानं खोगीर काढलं, घोंगडी उचलली. पाठीच्या दोन्ही बाजूंना घामाचे लांब, सारखे पट्टे. मधे कुठे कोरडं बेट नाही, खांद्यांमागेही नाही. "कुठे कोरडं राहिलं असतं तर तिथे दाब पडतोय असं समजायचं," ती म्हणाली. "घ्या. हे तुमचं. म्हणजे तिचं."

जुन्या खोगिराबद्दल तिनंच विचारलं. नक्षीचं काम बघून कुणीही उड्या मारत घेईल, बदल्यात ती चांगला भाव धरायला तयार होती. ऑर्व्हलनं त्या काळ्या कुळकुळीत कातड्यावरून हात फिरवला. गुलाबाची एक पाकळी अंगठ्यानं झिजून गेलेली होती.

"द्यायला हरकत नाही," तो म्हणाला. "पण घोडा बघितल्याशिवाय कुणाला देऊ नका. अरुंद असेल तरच. नसेल तर भिंतीवर राहू दे."

"शब्द देते," नेड्रा म्हणाली.

*

सप्टेंबरभर ऑर्व्हल शनिवारी हेरिकांच्या तबेल्यावर जाऊ लागला. क्लॉडियाला त्यानं एवढंच विचारलं होतं, "घोड्यांच्या पाठी बघितल्या तर चालेल?" खिशात नेड्राकडून घेतलेली तार. गडी आधी हसले. "टीग आता शिंपी झालाय, मापं घेतोय." तो हसण्याकडे लक्ष देत नसे. अंगठा दाबायचा, कातडी कुठे थरथरते ते बघायचा, पुठ्ठ्यावर रेघा मारायचा. महिनाभरात दोन गड्यांनी खोगिरं बदलली. चावते म्हणून बाजाराच्या यादीत टाकलेल्या एका करड्या घोडीचं नाव क्लॉडियानं खोडलं. त्या दिवशी ऑर्व्हल जेवायला थांबला नाही, घाईघाईनं घरी गेला आणि अंधार पडेपर्यंत मेबलला ब्रश करत बसला. काहीतरी बरं केल्याचा आनंद म्हणावा तर तसं वाटत नव्हतं. एका घोडीचं नाव खोडलं गेलं, एवढंच. तीस वर्षांपूर्वीच्या यादीला हात लावणं कुणाच्याच हातात नव्हतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हवा स्वच्छ पडली. ऑर्व्हलनं पाव, चीज आणि फर्मिननं बळंच दिलेलं सॉसेज बांधून घेतलं आणि उजाडताच निघाला. अॅस्पेनची झाडं पिवळीजर्द झाली होती. चढावर तो दोनदा उतरला आणि मेबलशेजारून लंगडत चालला. गुडघ्यालाही बरं आणि तिलाही. दुपारी ते वरच्या कुरणात पोचले.

तळाची झोपडी अर्धी कलली होती. ओढा होता तिथेच होता, तेवढाच बोलका. ऑर्व्हलनं खोगीर उतरवून गवतात ठेवलं, मेबलला मोकळं सोडलं. ती पाणी प्यायली, दोनदा गोल फिरली आणि पाठ गवतात टेकवून चारी पाय वर करून मनसोक्त लोळली.

तो झोपडीच्या उंबऱ्यावर बसला. इथे पोचलं की मन निवेल असं त्याला वाटलं होतं. निवलं नाही. उलट इथे आल्यावर सगळंच जवळ आलं: ते वादळ, तो लांबट गंभीर चेहरा, अर्ध्या मैलावरून येणाऱ्या टापा. पूर्वी त्या आठवणीत एक रुसवा असायचा, आपल्याला टाकून दिल्याचा. आता तो नव्हता. आता नुसती आठवण होती, आणि तिला दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय राहिली नव्हती.

"माझं चुकलं, गड्या," तो म्हणाला. समोर कुणी नव्हतं. मेबल दूर चरत होती, तिनं मान वर केली नाही.

ऊन कलेपर्यंत तो तिथे बसला. मग सॉसेजचा उरलेला तुकडा गुंडाळून खिशात टाकला, मेबलच्या पाठीवरच्या गवताच्या काड्या बोटांनी झाडल्या, घोंगडी नीट पसरली आणि खोगीर ठेवून तंग आवळायला वाकला. खाली पोचेपर्यंत तीन तास लागणार होते, आणि थंडी पडायला लागली होती.